एक किलो, आठ सेकंद

चेन्नईत वाकड्या हँडलची, रस्त्यावर पळवायची सायकल घेऊन वर्षही न झालेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो खर्चाचा. "सायकल चांगली आहे, पण क्लॅरिस काढ, १०५ बसव. चाकं कार्बनची घे. मग वेग बघ." हा सल्ला देणारे वाईट लोक नाहीत. पहाटे साडेचारला ईस्ट कोस्ट रोडला लागणारी, नवख्याचं पंक्चर काढून देणारी, समोरून वारा आला की त्याला आपल्या मागे घेणारी ही माणसं आहेत. पण त्यांचा सल्ला चुकीचा आहे. या शहराचा रस्ता, हवा आणि मीठ यांतलं काहीच त्यात धरलेलं नसतं. ज्याच्याकडे पन्नास हजारांची सायकल आहे त्याला हा सल्ला लाख-दीड लाखाच्या खर्चात ढकलतो. ज्याच्याकडे तेवढे पैसे नाहीत त्याच्या मनात बसतं, की आपली सायकल या रस्त्यावर आणायच्या लायकीची नाही. हे दुसरं नुकसान मला जास्त लागतं.

ज्यांना या गोष्टी परक्या आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. गिअर बदलायचे शिफ्टर, डिरेल्युअर, क्रँक, कॅसेट, चेन आणि ब्रेक या सगळ्या संचाला ग्रुपसेट म्हणतात. जपानच्या शिमानो कंपनीच्या रस्त्यावरच्या सायकलींसाठी वर्षानुवर्षं चालत आलेली उतरंड अशी: क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा आणि सगळ्यांत वर ड्युरा-एस. वर चढावं तसे मागचे दाते, म्हणजे कॅसेटमधल्या चकत्या, वाढतात, वजन काही शे ग्रॅमनी उतरतं आणि किंमत मात्र पटीनं वाढते. खालच्या पायरीवरून वर जाण्यालाच सगळे 'अपग्रेड' म्हणतात.

या सल्ल्यामागचा पहिला आणि सर्वांत लाडका मुद्दा वजनाचा. सायकल हलकी, म्हणून वेग जास्त. हा मुद्दा मोजून बघता येतो, आणि तो मोजलाच पाहिजे, कारण त्याच्याच जोरावर सर्वांत जास्त पैसा खर्च होतो.

माणूस, सायकल, पाणी, कपडे मिळून ८५ किलो धरा. सपाट रस्ता, वारा नाही, वेग तासाला ३० किलोमीटर. नेहमीच्या, फार न वाकलेल्या बैठकीत हवेला कापायलाच साधारण ११५ वॅट लागतात. टायर रस्त्यावर दबत-उलगडत जाताना जी ताकद खातात ती ४० वॅटच्या आसपास. म्हणजे पाय देतात त्या सुमारे १६० वॅटमधले जवळजवळ तीन चतुर्थांश हवा खाते. आता सायकलीचं वजन एका किलोनं कमी करा. सपाट रस्त्यावर वजनाचा परिणाम होतो तो फक्त टायरच्या त्या ४० वॅटवर, आणि एका किलोनं वाचतो अर्धा वॅट. ५० किलोमीटरला, म्हणजे अड्यारहून महाबलीपुरमच्या जवळ पोचायला लागणाऱ्या शंभर मिनिटांत, हा अर्धा वॅट तुम्हाला आठ सेकंद देतो. ग्रुपसेट आणि चाकं मिळून एक किलो उतरवायला आजच्या बाजारात लाखाच्या पुढे जावं लागतं. आणि या शहरात एप्रिलपासून पुढे दोन बाटल्या पाण्याशिवाय कुणी शहाणा माणूस निघत नाही. ते दीड किलो पाणी आपण फुकट भरून घेतो, आणि ते घ्यायलाच हवं.

इथे उत्तर येतं: फिरणारं वजन वेगळं असतं, चाकातला एक ग्रॅम बाहेरच्या कित्येक ग्रॅमसारखा. हे वाक्य इतकं पसरलं आहे की त्याला कुणी हातच लावत नाही. रिमच्या काठावरचं वजन वेग घेताना जास्तीत जास्त दुप्पट मोजलं जातं, त्याहून अधिक नाही, आणि तेही फक्त वेग वाढत असताना. एकदा वेग धरला की त्या फरकाला काही अर्थ उरत नाही. थांबलेल्या अवस्थेतून ३० पर्यंत पोचताना एका किलोला ३५ ज्यूल लागतात. १६० वॅट देणाऱ्या पायांना हे पाव सेकंदाचंही काम नाही. दुप्पट धरा, तरी अर्ध्या सेकंदाच्या आत. तिरुवान्मियूरपासून पुढच्या प्रत्येक सिग्नलला थांबलात तरी त्याची बेरीज तुमच्या हाती काही लागू देणार नाही.

मग हा वजनाचा ध्यास आला कुठून? बराचसा डोंगराकडून. पुण्याच्या माणसाला सिंहगडाचा घाट आहे, बोपदेव आहे, कात्रज आहे. तिथे वजन खरंच बोलतं. सिंहगडाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत साधारण ६०० मीटर उंची गाठावी लागते. दोनशे वॅट सातत्यानं देणाऱ्या माणसाला त्यासाठी पाऊण तासाच्या वर वेळ लागतो, आणि एक किलो कमी असेल तर त्यातलं अर्धं मिनिट वाचतं. स्पर्धेत उतरणाऱ्याला ते अर्धं मिनिट महत्त्वाचं असू शकतं, हे मी नाकारत नाही. पण चेन्नईत घाट नाही. चौदा वळणांचा येलगिरीचा घाट दोनशेहून अधिक किलोमीटरवर आहे, आणि तिथे बहुतेक जण वर्षातून एखाद्या वेळी, गाडीला सायकल बांधून जातात. बदली होऊन इथे आलेले आपले मराठी सायकलस्वार पुण्यातला सल्ला जसाच्या तसा बरोबर घेऊन येतात आणि समुद्रसपाटीवर त्याची किंमत मोजतात.

वेग हवेत आहे, हे समजायला एकाच माणसाचे दोन आकडे पुरेत. ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमननं १९९६ मध्ये मँचेस्टरच्या लाकडी ट्रॅकवर एका तासात ५६.३७५ किलोमीटर कापले. हात पुढे लांब ताणून, अंग जवळजवळ आडवं करून, त्या काळची सर्वांत निसरडी सायकल घेऊन. पुढे आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं ठरवलं, की तासाचा विक्रम पुन्हा जुना विक्रमवीर एडी मर्क्सच्या पद्धतीच्या सायकलीवर व्हावा: गोल नळ्यांची फ्रेम, वाकडं हँडल, साध्या तारांची चाकं. मर्क्सनं १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत ४९.४३१ किलोमीटर केले होते. २००० साली बोर्डमन तशा सायकलीवर बसला आणि त्याच मँचेस्टरमध्ये त्यानं ४९.४४१ केले. मर्क्सहून दहा मीटर जास्त, स्वतःच्या जुन्या आकड्याहून जवळजवळ सात किलोमीटर कमी. चार वर्षांत त्याचं वय वाढलं होतं, मेक्सिको सिटीची विरळ हवा मर्क्सच्या बाजूनं होती, हे सगळं धरूनही गोष्ट स्पष्ट आहे. जो काही फरक पडला तो शरीर हवेत कसं ठेवलं याचा आणि हवेला आडवं काय आलं याचा. त्यात गिअर नव्हतेच, आणि सपाट ट्रॅकवर वजनाला फारसं काम नव्हतं.

"बघा, म्हणजे सामानानं फरक पडतो," असं कुणी म्हणेल. पडतो. पण कुठल्या सामानानं आणि किती, हा प्रश्न आहे. स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीनं १९९३ मध्ये ५१.५९६ किलोमीटरचा विक्रम केला तो घरी बांधलेल्या सायकलीवर. त्यात त्यानं कपडे धुण्याच्या यंत्रातले बेअरिंग वापरले होते. त्याचं यश त्याच्या बैठकीत होतं: हात छातीखाली दुमडलेले, खांदे अरुंद. आपल्याला त्याच्यासारखं बसायचं नाही. पण कोपर वाकवून, हँडलच्या खालच्या भागावर हात ठेवून, तासभर न दुखता बसता आलं तर त्याच ३० च्या वेगाला सोळा-सतरा वॅट वाचतात. त्यासाठी लागतं काय? योग्य उंचीची सीट, हँडल धरणारा योग्य लांबीचा स्टेम आणि कुणा जाणत्या माणसाकडून एकदा नीट मापं घेऊन झालेलं फिटिंग. सगळं मिळून काही हजार. दुकानातून निघालेली सायकल बहुधा एका सरासरी पुरुषाच्या मापाची असते. माझ्यासारख्या कमी उंचीच्या बाईला ती पुढे फार ताणते, हँडल फार रुंद पडतं आणि ब्रेकचे लिव्हर हाताला पोचत नाहीत. बहुतेक लिव्हरमध्ये एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर जवळ येतो. त्याला एक रुपया लागत नाही. सायकल-गटांतल्या कितीतरी बायका फक्त हे कुणी न सांगितल्यामुळे हात आखडून, ब्रेकला घाबरून सायकल चालवत असतात. त्यांना १०५ नको होतं. त्यांना तो स्क्रू हवा होता.

हवेनंतर टायर. सायकलीबरोबर आलेला जाड रबराचा स्वस्त टायर काढून चांगल्या, मऊ कातडीच्या टायरची जोडी बसवली आणि हवा वजनाप्रमाणे नीट भरली, तर घर्षणाचा हिशोब ढोबळपणे २० वॅटपर्यंत फरक दाखवतो. पन्नास किलोमीटरला हे जवळजवळ पाच मिनिटं झाली. अशी जोडी दहा-बारा हजारांत मिळते. त्याच्या शेजारी लाखाची खोल कार्बन चाकं ठेवा. या वेगाला त्यांच्याकडून चार-पाच वॅट मिळाले तर खूप, म्हणजे एखादं मिनिट. आणि पुढच्या माणसाच्या चाकामागे नीट चालवायला शिकलात तर हवेतला पाव ते एक तृतीयांश भार सहज जातो, तीस-पस्तीस वॅट. ते विकत मिळत नाही. शिकवायला मात्र गटातली हीच माणसं आहेत.

खोल चाकांबद्दल चेन्नईपुरतं आणखी एक. ईस्ट कोस्ट रोड समुद्राला समांतर, उत्तर-दक्षिण जातो. म्हणजे समुद्रावरचा वारा बहुधा कुशीतून येतो. मुट्टुकाडूच्या पुलावर खाडी उघडी पडते आणि दोन्ही बाजूंना आडोसा राहत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ईशान्येचा वारा असताना पन्नास-साठ मिलिमीटर खोल रिमचं पुढचं चाक तिथे झटके खातं. शेजारून बस जात असताना हलक्या अंगाच्या माणसाच्या हातात हँडल असं झटकलं तर त्याला वेगाचा फायदा म्हणणं मला पटत नाही.

आता मिठाकडे येते, कारण महाग भागांच्या जाहिरातींमध्ये याचा उल्लेख कधीच येत नाही आणि चेन्नईत सायकल मरते ती मिठानं. सकाळी सहाला हवेत इतका ओलावा असतो की पहिल्या दहा किलोमीटरमध्ये अंग भिजतं, घाम हँडलवरून हेडसेटच्या बेअरिंगमध्ये उतरतो, आणि समुद्राकडून खारट तुषार येत राहतात. पुढे ईशान्य मोसमी पावसात रस्त्यावरच पाणी. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळात या शहरातल्या कितीतरी वाहनतळांत पाणी भरलं. तिथे उभ्या असलेल्या सायकलींचे हब किती दिवस बुडून होते हे मालकांना नंतर कळलं.

या हवेत सिरॅमिक बेअरिंग घ्या, असं सांगणारे आहेत. बाजारात जे सहसा मिळतं त्यात फक्त छर्रे सिरॅमिकचे असतात, ते ज्या कड्यांमध्ये फिरतात त्या स्टीलच्याच असतात. मीठ छर्ऱ्यांना काही करत नाही, कड्यांना गंज आणतं आणि गंजलेल्या कडीवर कठीण छर्रा फिरला की ती लवकर खरवडली जाते. चार पट पैसे देऊन वॅटचा एखादा अंश मिळवायचा आणि पहिल्या पावसाळ्यात तो गमवायचा. साधं, चांगलं सील असलेलं स्टीलचं बेअरिंग दर वर्षी उघडून नवीन ग्रीस भरून घेणं यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं.

अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये कार्बनची सीटपोस्ट, हा आणखी एक लोकप्रिय बदल. कार्बन वीज वाहून नेतो. तो अॅल्युमिनियमला लागून असेल आणि दोघांमध्ये खारट घाम शिरला तर एक छोटीशी बॅटरी तयार होते आणि त्यात झिजतं ते अॅल्युमिनियम. पोस्ट फ्रेममध्ये इतकी घट्ट बसते की शेवटी करवतीनं कापून काढावी लागते. कार्बन रिममधले, तारा धरणारे अॅल्युमिनियमचे निपल याच कारणानं पांढरे पडून तुटतात. कार्बनची पेस्ट लावून, दर काही आठवड्यांनी पोस्ट बाहेर काढून, पुसून पुन्हा बसवली तर हे टळतं. पण हे सांगून कुणी पोस्ट विकत नाही.

"महाग भाग टिकतो. एकदाच घ्या, चांगलं घ्या." हा युक्तिवाद ऐकायला भारदस्त आहे आणि एका मर्यादेपर्यंत खराही. निनावी, हलक्या पत्र्याच्या डिरेल्युअरपेक्षा शिमानोचा सगळ्यांत खालचा संचही नक्की टिकतो. पण एका पातळीच्या वर पैसा टिकाऊपणासाठी जात नाही, हलकेपणासाठी जातो. ड्युरा-एसच्या कॅसेटमधले मोठे दाते टायटॅनियमचे असतात. ते हलके असतात आणि स्टीलपेक्षा लवकर झिजतात. व्यावसायिक संघाला त्याचं काही वाटत नाही, कारण नवी कॅसेट त्यांच्या गाडीत तयार असते. आपल्याला चेन आणि कॅसेट हे संपणारे भाग म्हणून पाहावे लागतात, आणि मिठाच्या हवेत ते लवकर संपतात. आठ दात्यांच्या संचाची चेन हजारभर रुपयांत येते. बारा दात्यांची तिच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे वरच्या पायरीवर चढणं हा एकदाचा खर्च नाही, तो दर वर्षी परत येतो. शिवाय पुदुच्चेरीच्या वाटेवर टिंडिवनमला चेन तुटली तर आठ दात्यांची चेन साध्या दुकानात मिळण्याची शक्यता तरी असते.

बदलाची साखळीही दुकानात आधी सांगत नाहीत. आठवरून अकरा किंवा बारा दात्यांवर जायचं तर शिफ्टर, पुढचा-मागचा डिरेल्युअर, कॅसेट, चेन, बहुधा क्रँक, आणि अनेकदा मागच्या चाकाचा हबसुद्धा बदलावा लागतो. जुने भाग अर्ध्या किमतीलाही जात नाहीत. एवढ्या पैशात आहे ती सायकल विकून एक पायरी वरची आख्खी सायकल येते, फ्रेम आणि चाकांसकट. ज्याला खरोखर वरचा ग्रुपसेट हवा आहे त्यानं ते करावं. सुटे भाग जोडत वर जाणं हा त्या वाटेवरचा सर्वांत महाग रस्ता आहे.

आख्खी नवी सायकल घ्यायची तर फ्रेमकडेही बघा. याच शहरात, अंबत्तूरला, १९४९ मध्ये मुरुगप्पा घराण्यानं ब्रिटनच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर टीआय सायकल्स सुरू केली आणि हर्क्युलिस, बीएसए, फिलिप्स ही नावं घराघरांत गेली. क्रँक ज्यावर फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटचं आटे असलेलं जुनं माप आजही जगभर बीएसए म्हणूनच ओळखलं जातं: १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे. अलीकडच्या अनेक महागड्या फ्रेममध्ये ते काढून बेअरिंग नुसतं दाबून बसवतात. त्यात पाणी आणि रेती शिरली की किरकिर सुरू होते आणि काढायला वेगळी अवजारं लागतात. चेन्नईत नवी फ्रेम निवडताना मी आट्यांची बघेन. आटे असलेलं साधं कार्ट्रिज हजारभरात बदलून मिळतं, आणि पाऊस सरला की ते बदलून टाकता येतं.

व्यावसायिक खेळाडू महाग सामान वापरतात, हा दाखलाही दिला जातो; तो मी थोडक्यात संपवते. त्यांना सामान प्रायोजक देतो आणि ते त्यांच्या खर्चाचा भाग नाही. शिवाय त्यांच्या सायकलीला २००० सालापासून ६.८ किलोची खालची मर्यादा आहे, त्याखाली जाता येत नाही. आज त्यांचे अभियंते वजनापेक्षा हवेकडे बघतात आणि सपाट टप्प्यांवर थोड्या जड सायकली बिनदिक्कत चालवतात. त्यांची नक्कल करायची असेल तर तीही अर्धवट होते आहे.

हौशी माणसासाठी खरी कसोटी ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब अंतर पूर्ण करायच्या फेऱ्यांची आहे, आणि चेन्नईत ती भरपूर होतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. थांबे, जेवण, पंक्चर सगळं धरून ताशी पंधरा किलोमीटर. दर चार वर्षांनी होणारी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस १२०० किलोमीटर, ९० तास. २०१९ आणि २०२३ मध्ये भारतातून मोठ्या संख्येनं माणसं तिथे गेली. या अंतरांवर माणूस थांबतो तो झोपेमुळे, पोट बिघडल्यामुळे, गुडघा किंवा बसायची जागा दुखल्यामुळे, दिवा विझल्यामुळे. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका एकट्यानं पूर्ण केली, सुमारे ४८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या मुदतीच्या आत. त्याच वर्षी नाशिकमध्ये तयारी केलेले लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनीही. २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी, हितेंद्र आणि महेंद्र या दोन डॉक्टरांनी, ती जोडीनं पूर्ण केली होती. त्यांच्यापाशी चांगल्या सायकली होत्या यात शंका नाही. पण दिवसाकाठी दोन-तीन तासांच्या झोपेवर पाय चालू ठेवणं कुठल्या ग्रुपसेटनं येत नाही.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा, जो मला टाळायचा नाही. "माझा पैसा, माझी हौस. इलेक्ट्रॉनिक गिअरचा आवाज मला आवडतो." हे मला पूर्ण मान्य आहे. सुबक वस्तू हातात असण्याचा आनंद खरा असतो आणि आठवडाभर राबलेल्या माणसाला तो मिळायला हवा. माझा आक्षेप आनंदाला नाही; आनंदासाठी घेतलेली वस्तू गरजेच्या नावानं दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याला आहे. "मला आवडतं म्हणून घेतलं" असं म्हणणाऱ्याशी माझं भांडणच नाही. "हे घेतल्याशिवाय तू आमच्याबरोबर टिकणार नाहीस" असं पंचवीस वर्षांच्या पोराला सांगणाऱ्याशी आहे, कारण ते खोटं आहे आणि त्याचे हप्ते तो पोरगा भरतो.

या राज्याला सायकलीचं मोल कुणी समजावून द्यावं लागत नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या अकरावीच्या मुलामुलींना तमिळनाडू सरकार मोफत सायकल देतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरता चळवळीबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ती कल्पना उचलून धरली. पत्रकार पी. साईनाथ यांनी तिथला एक तपशील नोंदवला आहे: अनेक बायकांना पुरुषांची सायकल जास्त पसंत होती, कारण सीट आणि हँडलमधल्या दांड्यावर मुलाला बसवता येतं. कुठला भाग हवा हे त्यांनी आपल्या कामावरून ठरवलं. ईस्ट कोस्ट रोडवरच्या सायकलस्वारानंही तसंच ठरवावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि म्हणून काही बदलांसाठी मी हट्ट धरते. स्वस्त सायकलीबरोबर येणारे ब्रेकचे पॅड बहुधा कठीण आणि निकृष्ट असतात. ते पहिल्याच आठवड्यात बदलावेत. केबल स्टेनलेसची, वेष्टण नवं, दर वर्षी. पुढे-मागे चांगले दिवे आणि अंगावर परावर्तक जाकीट, कारण पहाटेच्या अंधारात या रस्त्यावर बस आणि मोटारी ज्या वेगानं जातात त्यापुढे डिरेल्युअरची चर्चा क्षुल्लक आहे. आणि सपाट रस्त्यावर दात्यांमधलं अंतर फार वाटत असेल तर कमी फरकाची नवी कॅसेट, एक-दोन हजारांत; १०५ कडे जाण्याचं तेच खरं कारण होतं, आणि ते इतक्यात भागतं.

कुणाकडे साठ हजार बाजूला असतील तर टायर, फिटिंग, पॅड-केबल, दिवे, चेन-कॅसेट आणि हबची नीट सर्व्हिस मिळून त्यातले निम्मेच खर्च होतील. गटांना माझी विनंती इतकीच आहे: चेन किती ताणली ते मोजायचं माप काही शे रुपयांना मिळतं, एक विकत घ्या आणि हवेच्या दाबाचा काटा लावलेल्या पंपाबरोबर रविवारी बरोबर ठेवा. नवा माणूस आला की निघण्याआधी त्याची चेन मोजा, टायरची हवा बघा, ब्रेकचे लिव्हर त्याच्या बोटांना पोचतात का ते विचारा. त्याच्या सायकलीवर कुठलं नाव छापलं आहे, हा प्रश्न त्यानं स्वतःहून काढला तरच घ्या.